सलूनमधून दवाखान्यापर्यंत

अमेरिकेत २०२५ या एका वर्षात प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ३ लाख १३ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडतील आणि जवळपास ३६ हजार पुरुष त्याने दगावतील, असा अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा अंदाज होता. हे मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये हा कॅन्सर गोऱ्यांच्या पावणेदोन पटीच्या आसपास आढळतो, आणि त्याने होणारे मृत्यू दुपटीहून थोडे जास्तच आहेत. दर सहा कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हे निदान ऐकावं लागतं. सगळ्या पुरुषांचं मिळून हेच प्रमाण आठांत एक आहे. आजार ग्रंथीपुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगणारे जवळजवळ सगळेच, हाडांपर्यंत पोचल्यावर सापडला तर तिघांत एकाच्या आसपास. या दरीविरुद्ध तिथली चर्च, सलून आणि या आजारातून उठलेल्या पुरुषांची मंडळं गेली कित्येक वर्षं झटताहेत. त्यातून खरोखर काही साधतं का, यावर मात्र जाणकारांचं एकमत नाही. खाली माझ्याशी वाद घालणारा शंकाकार कल्पित आहे. त्याच्या शंका कल्पित नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्या तरी मला मान्य आहेत.

शंकाकार : ही दरी समाजाने पाडली असं तुम्ही सुरुवातीलाच धरून चालता. आठव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात या कॅन्सरचा धोका वाढवणारे जनुकीय बदल सापडले आहेत, आणि पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते जास्त आढळतात. अमेरिका सोडा, ब्रिटनकडे बघा. तिथे उपचाराला पैसे पडत नाहीत, तरीही दर चार कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला हा कॅन्सर होतो आणि गोऱ्यांमध्ये आठांपैकी एकाला. रविवारच्या प्रवचनात दोन शब्द बोलून जनुकं बदलतात का?

लेखक : जनुकांचा वाटा मी नाकारत नाही, पण तुम्ही ब्रिटनचा अर्धाच आकडा सांगितलात. तिथे आयुष्यभरात या कॅन्सरने मरणारे कृष्णवर्णीय बारांत एक, आणि गोरे चोवीसांत एक. आता भागाकार करा. आजार झालेल्यांपैकी त्यानेच मरणारे दोन्हीकडे तिघांत एक! म्हणजे जिथे दवाखान्याचं दार सगळ्यांना उघडं आहे तिथे कृष्णवर्णीयाला आजार जास्त होतो, पण झाल्यानंतर तो गोऱ्यापेक्षा जास्त मरत नाही. अमेरिकेत मृत्यूतली तफावत आजाराच्या तफावतीहून मोठी आहे, आणि हा वरचा हिस्सा जनुकांच्या माथी मारता येत नाही. याला अमेरिकेच्या आतूनही पुरावा आहे. २०१९ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात तीन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात सर्वसाधारण कॅन्सर नोंदणी होती, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी होत्या आणि औषधोपचारांच्या प्रयोगांत सहभागी झालेले रुग्णही होते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत गोऱ्या-काळ्यांना उपचार जवळपास सारखे मिळतात. तिथे आजाराचा टप्पा आणि उपचार जुळवून पाहिले, तेव्हा कृष्णवर्णीय रुग्ण या कॅन्सरने जास्त दगावतात असं दिसलं नाही. आजार कोणाला होतो हे काही अंशी शरीर ठरवत असेल. झाल्यावर कोण वाचतो हे बऱ्याच अंशी व्यवस्था ठरवते.

शंकाकार : त्याच माजी सैनिकांत कृष्णवर्णीयांना हा कॅन्सर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होतो, आणि पसरलेल्या अवस्थेत सापडणारेही त्यांच्यात जास्त, हे सांगायचं राहिलं.

लेखक : राहिलं नाही, सांगतोच आहे. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? ज्याला धोका दुप्पट, त्याच्याकडे लक्ष लवकर आणि जास्त द्यायचं, हा साधा व्यवहार झाला. अमेरिकेत घडलं ते उलटं. ज्या गटाला हा आजार सर्वाधिक होतो, त्याच गटाचे पुरुष संशोधनात फार कमी. तपासणीचा उपयोग होतो की नाही हे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात सुमारे ७६ हजार पुरुष होते. त्यांत कृष्णवर्णीय साधारण चार टक्के. उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटिश प्रयोगात ते एका टक्क्याच्या आसपास. मग तज्ज्ञांची समिती बसते आणि म्हणते, कृष्णवर्णीयांसाठी वेगळा सल्ला देण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१८ साली हेच म्हटलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीनेही नोव्हेंबर २०२५ च्या मसुद्यात बीआरसीए जनुकदोष असलेल्यांपुरतीच नियमित तपासणी सुचवली आणि कृष्णवर्णीयांबाबत अनिश्चिततेवर बोट ठेवलं. ज्याला प्रयोगात घेतलंच नाही, त्याच्याविषयी पुरावा नाही असं त्यालाच ऐकवायचं! इथे रुग्णसंघटनांचा दबाव कामाला येतो. ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचा जो मोठा प्रयोग सुरू झाला आहे, त्यात बोलावलेल्या दर दहा पुरुषांत किमान एक कृष्णवर्णीय असेल अशी अट घातलेली आहे. अमेरिकेत २०१८ साली सुरू झालेल्या ‘रिस्पाँड’ या अभ्यासाने दहा हजार कृष्णवर्णीय रुग्णांचं उद्दिष्ट ठेवलं, आणि त्यात जनुकांसोबत वस्ती, वंशभेदाचा ताण, उपचारांची उपलब्धता हेही तपासायचं ठरवलं. जनुकं की समाज, हा तुमचा प्रश्न सुटायचा असेल तर याच वाटेने सुटेल.

शंकाकार : प्रयोगात लोक यावेत याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती शिबिरांना. पीएसए ही रक्तचाचणी कॅन्सर दाखवत नाही. एका प्रथिनाची पातळी दाखवते. ती ग्रंथी वाढली तरी चढते, जंतुसंसर्गाने चढते. मग बायॉप्सी, मग कधीच त्रास न देणारी एखादी संथ गाठ सापडणं, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाणं. युरोपातल्या १ लाख ६२ हजार पुरुषांच्या प्रयोगाचा तेवीस वर्षांचा निष्कर्ष २०२५ मध्ये आला. मृत्यू १३ टक्क्यांनी घटले हे खरं, पण एक मृत्यू टाळायला ४५६ पुरुषांना तपासणीसाठी बोलवावं लागलं. चर्चच्या पटांगणात गाडी उभी करून सरसकट रक्त काढणाऱ्या उत्साही मंडळींना हे गणित माहीत असतं का?

लेखक : सगळ्यांना नसतं, आणि तुमची ही हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. वस्तीच्या चळवळीने तपासणीवर भर दिला आणि पुढचं पाहिलं नाही, तर काय होतं याचा धडा त्याच समाजाच्या इतिहासात आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, ती संघटना आपल्याकडे बंदुका आणि काळी जाकिटं यांसाठीच लक्षात आहे. त्या मंडळींनी १९७० नंतर आपल्या शाखाशाखांतून मोफत दवाखाने काढले, आणि १९७१ पासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची घरोघर तपासणी सुरू केली. तोवर त्या आजाराकडे सरकार ढुंकून पाहत नव्हतं. पुढच्याच वर्षी सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. आपण ज्याला चळवळीचं यश म्हणतो ते हेच. पण त्याच काळात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. जे आजारी नव्हते, नुसते वाहक होते, त्यांनाही नोकऱ्या आणि विमा नाकारण्यात आला. तपासणी झाली, समजावून सांगणारा, सल्ला देणारा, अन्याय झाला तर भांडणारा माणूस सोबत नव्हता. प्रोस्टेटच्या शिबिरांबाबत मला भीती आहे ती हीच. म्हणून माझा मुद्दा तपासणीच्या बाजूने जेवढा आहे, त्याहून जास्त तपासणीनंतरच्या सोबतीच्या बाजूने आहे. तुम्ही सांगितलेलं नुकसान चाचणीपेक्षा चाचणीनंतरच्या घाईमुळे जास्त होतं. आता वाढलेल्या पीएसएनंतर आधी एमआरआय करता येतं आणि कित्येकांची बायॉप्सी टळते. सौम्य गाठ सापडली तर लगेच न कापता तिच्यावर नियमित लक्ष ठेवता येतं. मघाच्याच ब्रिटिश प्रयोगात शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसतं निरीक्षण, काहीही वाट्याला आलं तरी पंधरा वर्षांत या कॅन्सरने मेलेले रुग्ण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र एमआरआयला पैसे लागतात, आणि निरीक्षणाला वर्षानुवर्षं तोच दवाखाना, तोच डॉक्टर लागतो. विमा नसलेल्या, नोकरी बदलली की डॉक्टर बदलणाऱ्या माणसाला सुचवलेलं निरीक्षण कागदावरच राहतं.

शंकाकार : मग कृती दलाने २०१२ साली चाचणी नकोच म्हणून सांगितलं होतं, ते शहाणपणाचंच नव्हतं का?

लेखक : सरासरी माणसासाठी कदाचित असेलही. पण सरासरी माणूस अस्तित्वात नसतो, आणि तो सल्ला दिला गेला तो मुख्यतः गोऱ्या पुरुषांवरच्या पुराव्यावर. त्यानंतर अमेरिकेत चाचण्या घटल्या, आणि २०१४ पासून उशिराच्या टप्प्यावर सापडणारे रुग्ण वाढत गेले. एकामुळेच दुसरं झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दोन्ही एकामागोमाग घडलं हे खरं. २०१८ साली त्याच दलाने ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं असा सौम्य पवित्रा घेतला. ‘प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशन’च्या २०२४ च्या सल्ल्यात कृष्णवर्णीयांनी चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान पहिली चाचणी करून पुढे दरवर्षी करण्याचा गांभीर्याने विचार करावा, असं म्हटलं आहे. आता ‘डॉक्टरांशी बोलून ठरवा’ हे सुसंस्कृत वाक्य कोणासाठी लिहिलंय ते बघा. ज्याला ठरलेला डॉक्टर आहे, आणि जो त्या डॉक्टरवर विश्वास ठेवतो, त्याच्यासाठी. अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं उपदंश झालेल्या जवळपास चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून आजार कसा वाढतो ते पाहिलं. पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यानंतरही दिलं नाही. ज्या घरांतून ही हकिगत सांगितली जाते तिथे पांढऱ्या कोटातला माणूस ‘आपण मिळून ठरवू’ म्हणाला तरी समोरचा लगेच मोकळा होत नाही. बोलणं सुरू करायला कोणी ओळखीचा माणूस लागतो. चर्चमधला, सलूनमधला, किंवा हाच आजार भोगलेला.

शंकाकार : सलूनचं कौतुक मला कधी कळलं नाही. केस कापणाऱ्याने वैद्यकीय सल्ला का द्यावा? पुरावा काय?

लेखक : पुरावा आहे, आणि तो तुम्हाला आवडेल, कारण त्याने तुमचं आणि माझं दोघांचंही थोडं थोडं खरं ठरवलं. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी बावन्न सलून आणि उच्च रक्तदाब असलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष घेऊन एक प्रयोग केला. २०१८ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. निम्म्या सलूनमध्ये मालकाने गिऱ्हाइकाला आहार-विहाराचा सल्ला दिला आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. उरलेल्या सलूनमध्ये औषधनिर्माता येऊन बसला, त्याने तिथेच रक्तदाब मोजला, डॉक्टरांशी ठरवून औषध लिहून दिलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब नऊ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा सत्तावीस. नुसत्या सल्ल्याने थोडं झालं, सल्ल्यासोबत उपचार चालत आला तेव्हा तिप्पट झालं. सलूनमधल्या ओळखीमुळे दार उघडतं, पण आत येणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. प्रोस्टेटबाबत सलूनमधून मृत्यू घटल्याचा एवढा पक्का पुरावा अजून नाही, आणि जे कार्यकर्ते तो असल्यासारखं बोलतात त्यांनी जरा थांबावं. रक्तदाबावर गोळी देता येते. वाढलेल्या पीएसएवर गोळी नाही, पुढे चार पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या चढताना सोबत केल्याने काय होतं, याचे दाखले दुसऱ्या कॅन्सरमधून घ्यावे लागतात.

त्यांतला पहिला हार्लेमचा. न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन शस्त्रक्रिया करत होते. तिथे येणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय, आणि निम्म्याजणी आजार फार पुढे गेल्यावर येणाऱ्या. १९६४ ते १९८६ या काळातल्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगलेल्या ३९ टक्केच होत्या. फ्रीमन यांनी कमी पैशांत किंवा मोफत तपासणी सुरू केली, आणि १९९० साली तिला जोड दिली ती वाटाड्यांची. ही वस्तीतलीच माणसं. अहवाल संशयास्पद आला की ती रुग्णाचा पिच्छा पुरवत. पुढची तारीख घेणं, विम्याचे कागद भरणं, मुलांना सांभाळायला कोणी शोधून देणं, भीती ऐकून घेणं, असं त्यांचं काम. १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत पाच वर्षं जगणाऱ्या ७० टक्के झाल्या. दुसरा दाखला डेलावेअर राज्याचा, आतड्याच्या कॅन्सरचा. २००१ नंतरच्या दशकात त्या राज्याने तपासणी, वाटाडे आणि विमा नसलेल्यांसाठी उपचाराचा खर्च ही तिन्ही कामं एकत्र केली. कृष्णवर्णीयांचं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेलं, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आलं, आणि मृत्यूतली तफावत जवळजवळ मिटली. दोन्ही ठिकाणी वस्तीतली माणसं होती. पण त्यांच्या मागे रुग्णालय होतं आणि त्यांच्या मागे पैसाही होता.

शंकाकार : ही उदाहरणं माझ्याच बाजूची झाली. काम सरकारचं आणि रुग्णालयाचं. मंडळांनी त्यात कशाला पडावं? त्यात या मंडळांना औषध कंपन्यांच्या देणग्या मिळतात. जिथे देणगी तिथे तपासणी वाढवण्याचा आग्रह, हे काय अवघड गणित आहे?

लेखक : देणग्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. रुग्णसंघटना औषध कंपन्यांकडून पैसे घेतात हे उघड आहे, आणि कोणाकडून किती हे प्रत्येक संघटनेने ठळकपणे जाहीर करावं, एवढी मागणी तिच्याच सभासदांनी करायला हवी. पण सरकार आपणहून काम करतं हे गृहीतक मला पटत नाही. सिकलसेलचा कायदा आपोआप झाला नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस फॅरिंग्टन या स्वतः हा कॅन्सर झेललेल्या गृहस्थांनी २००३ साली ‘प्रोस्टेट हेल्थ एज्युकेशन नेटवर्क’ काढलं. ही संस्था फादर्स डेच्या रविवारी देशभरच्या चर्चमध्ये या आजारातून वाचलेल्या पुरुषांना उभं करते, आणि वॉशिंग्टनमध्ये खासदार व शास्त्रज्ञांना एकत्र बसवून या विषमतेवर परिषद भरवते. चर्चमधलं उभं राहणं मला परिषदेइतकंच महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. पुढे गुंतागुंत होऊन १ जानेवारीला ते रुग्णालयात दाखल झाले, आणि हे काही दिवस खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही कळलं नव्हतं. ऑस्टिन यांनी नंतर माफी मागितली. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याचा कारभार पाहणाऱ्या, उत्तम रुग्णालय पायाशी असलेल्या कृष्णवर्णीय माणसाला हे सांगणं एवढं जड गेलं, तर अटलांटातल्या बसचालकाने पत्नीला काय सांगावं? पुरुषपणाशी बांधलेली ही लाज सरकारी परिपत्रकाने उतरत नाही. शेजारच्या बाकावरचा माणूस उठून ‘मलाही झाला होता’ म्हणाला, तर थोडी उतरते.

शंकाकार : बरं. लाजेचं मान्य. वाटाड्यांचंही मान्य. मग आपल्यात भांडण उरलं कशावर?

लेखक : क्रमावर. तुमचं म्हणणं, आधी पक्का पुरावा येऊ द्या, मग वस्तीत जा. माझं म्हणणं, वस्तीत गेल्याशिवाय पुरावा येणारच नाही. मात्र जाताना पुढची सोय बांधून जा. मोफत चाचणीची गाडी आणणाऱ्या मंडळाला मी एकच प्रश्न विचारीन : अहवाल वाढलेला आला तर त्या माणसाला पुढची तारीख कुठल्या दवाखान्यात, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने मिळणार आहे? उत्तर नसेल तर गाडी परत पाठवावी, आणि याबाबतीत मी तुमच्या बाजूचा. उत्तर असेल तर पुराव्याची वाट पाहत बसणं म्हणजे उशिरा सापडणाऱ्यांची रांग वाढवणं. आणि पैशाचा प्रश्न शेवटी संसदेतच जातो. अमेरिकेच्या आरोग्यविमा कायद्यानुसार कृती दलाने ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी दिलेल्या तपासण्या विमाधारकाला मोफत मिळतात. पीएसएला २०१८ साली त्याखालची श्रेणी मिळाली, म्हणून हा खर्च रुग्णावर पडू शकतो. न्यूयॉर्क आणि मेरीलँडसारख्या राज्यांनी आपल्यापुरता तो काढून टाकला. कृष्णवर्णीय आणि घरात हा आजार झालेले, अशा जास्त धोक्याच्या पुरुषांना देशभर तो माफ व्हावा म्हणून रुग्णसंघटनांच्या पाठिंब्याने २०२१ साली संसदेत विधेयक आलं. ते त्या संसदेची मुदत संपेपर्यंत मंजूर झालं नाही. २०२३ साली पुन्हा मांडलं. तेव्हाही झालं नाही. आणि त्यात प्रश्न होता तो तपासणीच्या खर्चाचा. एमआरआय, बायॉप्सी आणि वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाचा खर्च कोणी उचलायचा, हे त्यानेही ठरणार नव्हतं.